सम रांगेतली स्वयंपाकघरं

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि नगरपालिकेच्या नकाशा विभागात ट्रेसर म्हणून काम करत होते. आमच्या गल्लीतली बावीस घरं पाडून तिथून ऐंशी फुटी रस्ता न्यायचा ठराव त्याच वर्षी झाला. त्या रस्त्याचा नकाशा मीच उतरवला. साहेबांनी कच्चा आराखडा टेबलावर ठेवला. मी त्यावर ट्रेसिंगचं आरपार दिसणारं कापड अंथरलं, पेनात शाई भरली आणि दोन समांतर रेघा ओढत गेले. दुसरी रेघ आमच्या स्वतःच्या व्हरांड्यावरून गेली तेव्हाही माझा हात हलला नाही. त्या कामात हात हलला की अख्खं कापड वाया जातं. घरी आल्यावर मात्र चहाची बशी हातातून सुटली.

आमची गल्ली म्हणजे बैठ्या बंगल्यांची गल्ली. एका बाजूला अकरा घरं विषम आकड्यांची, समोर अकरा सम आकड्यांची. सगळी एकोणीसशे सव्वीस साली एका दमात, एकाच नकाशावरून बांधलेली. उतरती कौलं, भुवयांसारखे पुढे आलेले छपराचे काठ, आणि समोर खोल व्हरांडा. त्याचे खांब आखूड आणि जाड, पोट सुटलेल्या माणसांनी कमरेवर हात ठेवून उभं राहावं तसे. आत भिंतीतली कपाटं, खिडकीखाली बसायचा लाकडी बाक, डोक्यावर बुटका माळा. श्रीमंती म्हणावी असं काही नव्हतं, पण दुपारी व्हरांड्यात बसलं की राजा असल्यासारखं वाटे.

आमचं घर आठ नंबरचं. घरात तेव्हा आम्ही चौघं. माझे यजमान तारखात्यात होते. तारेत शब्द वाचवायची सवय त्यांना घरीही लागली होती. सासूबाई शब्दांच्या बाबतीत उधळ्या, त्यामुळे हिशेब बरोबर बसायचा. आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांना सगळी गल्ली मुकादम म्हणायची, कारण समोरची विषम रांग एका थोरल्या मिस्त्रींनी उभी केली आणि आमची सम रांग मामंजींनी. तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. काम संपल्यावर त्यांनी त्याच रांगेतलं एक घर घेतलं आणि तिथेच संसार मांडला. चौऱ्याहत्तर साली त्यांचं सत्तरावं वर्ष चालू होतं. अजूनही ओळंबा खिशात घेऊन हिंडायचे. कुठली भिंत तिरकी दिसली की तो सोडून बघायचे, आणि "चालेल" म्हणून परत खिशात टाकायचे.

सासूबाईंचा त्या घरावर एकच राग होता, तो म्हणजे स्वयंपाकघर. ते घराच्या पश्चिम कोपऱ्यात होतं. दुपारी दोनपासून ऊन खिडकीतून आत शिरायचं ते सूर्य मावळल्यावरच बाहेर पडायचं.

"ज्यानं हे स्वयंपाकघर पश्चिमेला ठेवलं ना," त्या नकाशा काढणाऱ्याच्या नावानं कढई आपटत म्हणायच्या, "त्याला दर जन्मी स्वयंपाकीण कर रे देवा! आणि याच चुलीपाशी उभा कर!"

मामंजी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र जरा वर धरायचे.

आमच्या दाराच्या बरोबर समोर सात नंबरचं दार होतं. तिथे घड्याळजी राहायचे. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेला एकटा माणूस. त्यांचं आणि सासूबाईंचं सतत वाजायचं, तेही या व्हरांड्यातून त्या व्हरांड्यात, रस्ता मध्ये ठेवून.

"काय मुकादमीणबाई, आज आवाज उशिरा सुरू झाला! माझी घड्याळं मी तुमच्यावर लावतो, माहितीय ना?"

"लावा, लावा. तुमच्या घड्याळांपेक्षा मी बरी चालते. आणि तुमच्या मागे मोठी झाडं आहेत, तुम्हाला ऊन काय कळणार!"

"मला कशाला कळायला हवं? मी स्वयंपाकच करत नाही. तुम्ही देता ना!"

"उद्यापासून नाही देणार."

हे "उद्यापासून" गेली सव्वीस वर्षं चाललं होतं.

रस्त्याचा ठराव झाला तेव्हा नेमका एक नवा नियमही आला होता. जुन्या वसाहतीतल्या चारपैकी तीन घरं मूळ नकाशाप्रमाणे, फेरफार न करता उभी असतील, तर ती वसाहत पाडायची नाही, जतन करायची. तो कागद माझ्याच टेबलावरून गेला. मी तो घरी येऊन सगळ्यांना वाचून दाखवला.

"मूळ नकाशा कुठाय पण?" यजमानांनी विचारलं.

"शोधीन," मी म्हटलं.

आणि शोधला. जेवणाच्या सुट्टीत रोज अभिलेखागारात जाऊन, धुळीनं शिंकत, नवव्या दिवशी मला पत्र्याची एक नळी सापडली. आत मेणाच्या वासाचं, पिवळं पडलेलं ट्रेसिंगचं कापड होतं. बंगल्याचा आराखडा आणि कोपऱ्यात ठळक शाईत "नमुना क". कापडावर चुन्याचे डाग होते, म्हणजे ते प्रत्यक्ष बांधकामावर गेलं होतं. मी तिथेच नाचायची बाकी राहिले.

संध्याकाळी ते कापड घेऊन मी घड्याळजींकडे गेले आणि त्यांचं घर मोजून पाहिलं. इंचाइंचाला जुळलं. आमचं घर मोजलं नाही. बावीस घरं एका नमुन्याची हे आम्ही जन्मभर म्हणत आलो होतो. आणि समोरासमोरची घरं एकमेकांची आरशातली रूपं असणारच, असं मलाही वाटत होतं. नकाशा खात्यात दहा वर्षं काढून मी ही चूक केली, ती कबूल करते.

रात्रीच्या जेवणाला मी बातमी दिली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनी हातातला पेला खाली ठेवला.

"कागदावर आहे का कापडावर?"

"कापडावर. मूळ ट्रेसिंग."

"मला वाटलं होतं, ते कधीच फाटून गेलं असेल," ते म्हणाले, आणि पान अर्धवट टाकून व्हरांड्यात जाऊन बसले. मला वाटलं, जुन्या आठवणींनी गलबलून आलं असेल.

पाहणीसाठी जे अधिकारी आले त्यांना गल्लीनं पहिल्या तासातच टेपवाले साहेब करून टाकलं. उंच, वाकलेले, कमरेला मोजपट्टी. कमी बोलायचे, पण माणूस सरळ होता. सकाळी नऊला त्यांनी एक नंबरपासून सुरुवात केली. विषम रांगेत कुठे एक खिडकी मोठी केलेली निघाली, कुठे न्हाणीघराचं दार हलवलेलं. ते त्यांनी चालवून घेतलं. अकराच्या अकरा घरं पास. घड्याळजींनी सगळ्या घड्याळांना एकदम ठोके द्यायला लावले. त्यातली तीन वेगवेगळ्या वेळी वाजली.

मग साहेब रस्ता ओलांडून आमच्या रांगेत आले. कापड त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलं. एकदा कापडाकडे बघितलं, एकदा घराकडे. मग पट्टी न काढताच म्हणाले, "हे घर नकाशाप्रमाणे नाही."

"काय नाही?" सासूबाई.

"नकाशात दार डाव्या बाजूला आहे, तुमचं उजव्या बाजूला. नकाशात स्वयंपाकघर उजवीकडे मागे, म्हणजे पूर्वेला यायला हवं. तुमचं पश्चिमेला आहे."

"बघा! बघा! मी पन्नास वर्षं काय सांगतेय? पूर्वेलाच हवं होतं!" सासूबाईंचा आनंद गगनात मावेना. क्षणभरानं त्यांच्या ध्यानात आलं की हा आनंद करायचा प्रसंग नाही, आणि त्या एकदम गप्प झाल्या.

साहेबांनी रांगेतली बाकीची दहा घरंही पाहिली. सगळीकडे तेच. परत येऊन त्यांनी टोपी काढली. "अकराही घरं मूळ नकाशाशी जुळत नाहीत. मधल्या काळात फेरबांधणी झालेली दिसते. बावीसात अकरा बसतात, नियमाला सतरा लागतात. मला वाईट वाटतं, पण अहवाल आज चारला द्यायचा आहे."

सगळी गल्ली आमच्या व्हरांड्यात उभी होती. घड्याळजी रस्ता ओलांडून आले होते, ते नुसतेच सासूबाईंच्या शेजारी उभे राहिले. मामंजी दाराच्या चौकटीला टेकून होते. खिशातला हात त्यांनी बाहेर काढला नव्हता.

मला मात्र रडू आलं नाही. मी ट्रेसर होते. आमचे हेड ड्राफ्ट्समन आम्हाला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवत. काम पुरं झालं की कापड उलटं करून बघायचं. सरळ बाजूनं डोळा चुकांना सरावलेला असतो, उलट्या बाजूनं चूक आपण होऊन समोर येते. माझे हात सवयीनंच पुढे गेले. मी टेबलावरचं कापड दोन टोकांना धरलं आणि पालथं घातलं.

"आता बघा, साहेब."

दार उजवीकडे आलं. स्वयंपाकघर पश्चिमेला गेलं. खिडकीचा बाक, भिंतीतलं कपाट, माळ्याची शिडी, सगळं जिथल्या तिथे.

साहेबांनी चष्मा पुसून परत लावला. मग पट्टी काढली आणि वीस मिनिटं मोजत राहिले. "जुळतंय," ते म्हणाले. "अर्ध्या इंचाचाही फरक नाही. म्हणजे कुणीतरी पालथ्या कापडावरून बांधलं म्हणता तुम्ही."

"म्हणतेच. घर पाडून उलट बाजूला कुणी बांधत नाही, साहेब. आणि अकरा जण मिळून तर नाहीच."

"पण बाई, हे बघा." त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. पालथ्या कापडावर "नमुना क" ही अक्षरं उलटी, वेडीवाकडी दिसत होती. "कुठला मिस्त्री उलटी अक्षरं समोर ठेवून अकरा घरं बांधील? पहिल्याच दिवशी कळेल त्याला. हे मी वर लिहिलं तर मला हसतील. घरं मुळातच अशी उभी राहिली, याला काहीतरी पुरावा हवा."

माझी नजर मामंजींकडे गेली. सगळ्यांचीच गेली, कारण ती रांग त्यांनी बांधली हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

मामंजी टेबलापाशी आले. त्यांनी कापडाचा कोपरा अंगठ्यानं चोळला, नंतर उलट बाजू चोळली. ट्रेसिंगचं कापड एका बाजूनं चकचकीत असतं, दुसऱ्या बाजूनं मंद. रेघा ओढतात त्या मंद बाजूवर.

"कापडाची चकचकीत बाजू ती सरळ बाजू," ते म्हणाले. "कुठलंही कापड घ्या. शर्टाचं घ्या, पडद्याचं घ्या. मी चकचकीत बाजू वर ठेवली."

"आणि अक्षरं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"साहेब, मला वाचता येत नव्हतं."

साहेबांनी कापडावरचं बोट उचललं.

"रेघा कळायच्या. माप मी दोरीला गाठी मारून घ्यायचो. अक्षरं मला सगळी सारखीच. उलटी काय नि सुलटी काय! थोरल्या मिस्त्रींनी मला सम रांग दिली ती हाताकडे बघून दिली, हा वाचतो का हे त्यांनी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. जोती वर आली तेव्हा इंजिनियर येऊन उभा राहिला. कापड नि जोती आलटून पालटून बघत राहिला. मग म्हणाला, दारासमोर दारं आली, बरं दिसतंय, चालू द्या. मला ती शाबासकीच वाटली. पुढे दोन वर्षांनी वाचायला शिकलो तेव्हा गोदामात हे कापड परत हाती आलं, आणि मला कळलं." त्यांनी वर बोट दाखवलं. "पुरावा पाहिजे ना? माळ्यावर जा. प्रत्येक घराचं आढं बसवलं की त्यावर पटाशीनं नकाशावरची खूण कोरायची, असा हुकूम होता. मी समोर दिसली तशी कोरली."

साहेब, मी आणि माझे यजमान शिडीनं वर गेलो. विजेरीच्या उजेडात आढ्यावर पन्नास वर्षांची धूळ होती. यजमानांनी रुमालानं पुसली. खाली कोरलेला होता एक क. पोट उजवीकडे आणि शेपूट डावीकडे, आरशात बघून काढल्यासारखा. अगदी मन लावून, एकेक वळण घेऊन कोरलेला. ज्याला अक्षर येतं तो इतका सुबक क कधी काढत नाही.

"उलटा," यजमान म्हणाले. तारखात्याच्या हिशेबात ते पुष्कळ झालं.

साहेबांनी अकराही माळे पाहिले. अकराही ठिकाणी तोच क. त्यांनी आमच्याच टेबलावर बसून अहवाल लिहिला. सम रांग ही मूळ नकाशाप्रमाणेच, मात्र उलट बाजूनं बांधलेली असून आजवर बदललेली नाही. सही करताना ते मामंजींना म्हणाले, "मुकादम, चूक केलीत खरी. पण चूकसुद्धा ओळंब्यात केलीत."

गल्ली टाळ्या वाजवत होती. मी सासूबाईंकडे बघत होते, कारण खरा निकाल तिथे लागायचा होता. मामंजीही तिकडेच बघत होते. चारपर्यंत गप्प राहिले असते तर गल्ली गेली असती, पण ही गोष्ट झाकलेली राहिली असती. त्यांनी ती उघडी केली होती, आणि बायको समोर उभी होती.

सासूबाई पदर खोचून पुढे आल्या.

"म्हणजे पन्नास वर्षं मी देवाकडे ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घालत होते, तो तुम्हीच होय!"

"हो."

"अकरा स्वयंपाकघरं तापवलीत. अकरा!"

"म्हणून तर छज्जे लावले," मामंजी पुटपुटले.

तेव्हा आम्हाला उमगलं. सम रांगेतल्या प्रत्येक घराच्या पश्चिमेच्या खिडकीवर लाकडी छज्जा होता. मामंजींनी सुट्टीच्या दिवशी, फुकटात, एकेक करून ते लावले होते. आणि "जगाच्या खिडक्यांना सावल्या करत हिंडतात" म्हणून सासूबाई त्यांना टोमणे मारत आल्या होत्या.

सासूबाईंनी खिडकीवरच्या छज्ज्याकडे पाहिलं. मग त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली.

"थांबा. सव्वीस साली मी माहेरी होते. आठवड्याला एक पत्र लिहीत होते तुम्हाला. ती कोण वाचायचं?"

मामंजी खाली बघायला लागले.

"अहो, मी काय विचारतेय?"

"थोरले मिस्त्री."

"सगळी?"

"सगळी. मोठ्यानं. बाकीचे गवंडी पण बसायचे ऐकायला."

सत्तरीला टेकलेल्या माझ्या सासूबाई कानापर्यंत लाल झाल्या. घड्याळजी खो खो हसत सुटले. "काय लिहिलं होतं, मुकादमीणबाई? आम्हालाही कळू द्या!"

"तुम्ही आपली घड्याळं सांभाळा! एक वेळेवर वाजत नाही!" त्या ओरडल्या, आणि नवऱ्याकडे वळून एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "उत्तर येत नाही म्हणून मी रुसून बसले होते दोन महिने."

"म्हणूनच तर शिकलो," मामंजी म्हणाले. "तुझी पत्रं दुसऱ्यानं वाचू नयेत म्हणून."

सासूबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या. दुपारचे साडेतीन वाजले होते, तिथे नुसती भट्टी पेटली होती. त्यांनी सगळ्या गल्लीला पुरेल एवढा चहा ठेवला आणि त्या दिवशी कढई आपटल्याचा आवाज काही आला नाही.

तो रस्ता पुढे गोदामांच्या मागून वळवून नेला. त्याच्याही रेघा मीच ओढल्या. ते वळण माझ्या हातचं सगळ्यात देखणं काम आहे असं मी आजही मानते.

मामंजी त्यानंतर नऊ वर्षं होते. लोक माळ्यावरचा क बघायला यायचे तेव्हा मामंजी आधी संकोचायचे, नंतर नंतर स्वतःच शिडी लावून द्यायचे. त्यांचा ओळंबा माझ्याकडे आहे. सासूबाई त्यांच्यामागे सहा वर्षं राहिल्या. स्वयंपाकघराला शिव्या त्यांनी शेवटपर्यंत दिल्या, फक्त मामंजी असेपर्यंत त्या त्यांच्या तोंडाकडे बघून द्यायच्या, आणि ते वर्तमानपत्र वर धरत नसत. सासूबाईंच्या ट्रंकेत मामंजींचं पहिलं पत्र सापडलं. चार ओळी, अक्षर मोठं आणि सगळी अक्षरं सुलट.

घड्याळजींचं दार आमच्या दारासमोर होतं म्हणूनच ते पडल्याचं सासूबाईंना व्हरांड्यातून दिसलं आणि वेळेवर दवाखान्यात नेता आलं. दारं नकाशाप्रमाणे तिरपी आली असती तर कुणाला कळलं नसतं. त्यानंतर ते पाच वर्षं जगले आणि रोज आमच्याकडे जेवले. टेपवाले साहेब निवृत्त झाले तरी दर वर्षी विद्यार्थी घेऊन यायचे. मी स्वतः टेबलावर कापड पालथं घालून दाखवायची आणि दर वर्षी पोरांचे "अरे!" ऐकायची. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाले, "छान झालं." दोनच शब्द, पण मला पुरले.

मी अजून आठ नंबरमध्येच आहे. एक्क्याऐंशी पुरी झाली. मागच्या उन्हाळ्यात सुनेनं स्वयंपाकघर पूर्वेकडे हलवायचं मनावर घेतलं. रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की जतन केलेल्या वसाहतीत मूळ रचना बदलता येणार नाही. ती कागद आपटत आत आली आणि म्हणाली, "आई, ज्यानं हे स्वयंपाकघर पश्चिमेला ठेवलं ना, त्याला—"

"बोल, बोल," मी म्हटलं, "मोकळेपणानं बोल. पण जरा माळ्याकडे तोंड करून बोल. त्यांना ऐकू जाऊ दे."